ओपिऑइड (अफूच्या जातीचं, व्यसन लावू शकणारं वेदनाशामक) लिहिण्याआधी रुग्णाची नोंद बघण्याची सक्ती हवी का?

हडसनकाठचा डॉक्टर
आमच्या न्यूयॉर्क राज्यात ऑगस्ट २०१३ पासून आय-स्टॉप कायदा आहे. ऑक्सिकोडोनसारखं औषध लिहिण्याआधी त्या रुग्णाने आधी कुठून काय घेतलंय, हे राज्याच्या नोंदींत बघावंच लागतं. केंटकीने अशी सक्ती २०१२ मध्येच केली. मी सक्तीच्या बाजूचा. एकदा पाठदुखीचे एक गृहस्थ आले. बोलणं मिठ्ठास, हातात एमआरआय. नोंद उघडली तर महिन्यात चार डॉक्टर, तीन फार्मसी! नियम ऐच्छिक असता तर त्या दिवशीच्या गर्दीत मी बघितलं नसतं, खोटं कशाला बोलू.

सांधेदुखीवाली
मग त्या गृहस्थांचं पुढे काय झालं? २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिनची (ऑक्सिकोडोनचाच एक ब्रँड) गोळी नशेसाठी कुटायला कठीण केली, तेव्हा कितीतरी लोक हेरॉइनकडे वळले. आता बहुतेक बळी बेकायदा फेंटानिलचे, म्हणजे फार तीव्र अशा कृत्रिम ओपिऑइडचे. ते विकणारा कुठे नोंद करतो?
माझ्या सासूबाई ओहायोत असतात. जुने डॉक्टर निवृत्त झाले. नव्याने स्क्रीनकडे बघितलं, सासूबाईंकडे नाही, आणि वर्षानुवर्षांचा डोस एका भेटीत निम्मा केला. सीडीसीने (अमेरिकेची केंद्रीय आरोग्य संस्था) २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं की आपल्या २०१६ च्या मार्गदर्शनातले डोसचे आकडे लोखंडी मर्यादा म्हणून वापरू नका. ऐकतो कोण?

गोळीवाला (फार्मासिस्ट)
ताई, डोस तोडा असं कायदा कुठे म्हणतो? नोंद बघा, एवढंच म्हणतो. न्यूयॉर्कमध्ये हॉस्पिसच्या (अखेरच्या दिवसांतल्या) रुग्णांना सूट आहे, इमर्जन्सीत पाच दिवसांपर्यंतच्या औषधालाही. मिसुरीने २०२१ पर्यंत राज्यव्यापी नोंदीचा कायदाच केला नाही. शेवटी सेंट लुईस काउंटीने आपली आपण सुरू केली. तसं हवंय का?

सांधेदुखीवाली
कायदा म्हणत नाही, पण लायसन्सची भीती म्हणते. आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

पुणेकर
आपल्याकडे उलटं. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात कॅन्सरच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. (विषयांतर, माफी.)

हडसनकाठचा डॉक्टर
ताई, ते गृहस्थ परत आले नाहीत. मी "नाही" म्हणालो आणि पुढचा पेशंट बोलावला. बुप्रेनॉर्फिन (ओपिऑइडच्या व्यसनावरचं औषध) लिहायला तेव्हा वेगळी परवानगी लागायची, माझ्याकडे नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये ती अट गेली. सक्ती हवीच, हे अजूनही म्हणतो. पण तेव्हा दुसऱ्या कुणाकडे पाठवायचा फोन तरी करायला हवा होता.