मदत हवी आहे: सौर वाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनच्या हीट फ्लक्ससाठी कुठलं सूत्र धरायचं?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सौर वाऱ्याचं (सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाचं) एक साधं मॉडेल पायथनमध्ये लिहितोय आणि उष्णतावहनाच्या टर्मपाशी, म्हणजे इलेक्ट्रॉन किती उष्णता वाहून नेतात (हीट फ्लक्स) तिथे, गाडं अडलंय, कुणी प्लाझ्मावाले असतील तर प्लीज सांगा.

पुस्तकात स्पिट्झर-हार्मचं १९५३चं सूत्र आहे, तापमानाचा ५/२ घात गुणिले तापमानाचा ग्रेडियंट (अंतरागणिक होणारा बदल), की झालं. पण ते चालतं कधी, तर इलेक्ट्रॉन एकमेकांवर सारखे आपटत असतील तेव्हा. पृथ्वीपाशी घन सेंटीमीटरला जेमतेम पाच-दहा इलेक्ट्रॉन, तापमान लाखभर केल्विन, त्यामुळे मीन फ्री पाथ (दोन टकरांमधलं सरासरी अंतर) जवळजवळ सूर्य-पृथ्वी अंतराएवढा निघतो. मग इथल्या इलेक्ट्रॉनला इथल्या ग्रेडियंटचं काय पडलंय? त्यातून मीन फ्री पाथ वेगाच्या चौथ्या घाताने वाढतो, आणि उष्णता वाहणारे नेमके हे वेगवानच, ते तर थेट सूर्याच्या कोरोनातून (बाहेरच्या तप्त वातावरणातून) निघून इथवर फारसे न धडकता आलेले असतात!

पृथ्वीजवळच्या सौर वाऱ्याची मोजणी करणाऱ्या विंड यानाच्या डेटात टकरा विरळ झाल्या की फ्लक्स दीड एनकेटी (घनता गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) गुणिले थर्मल वेग (तापमानामुळे असलेला इलेक्ट्रॉनचा सरासरी वेग) या मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांवर अडकलेला दिसतो. तो अडवतं कोण हा माझा खरा प्रश्न. चुंबकीय क्षेत्राच्या रेषेवरून सूर्यापासून दूर जाणारा अरुंद झोत, म्हणजे स्ट्राल, क्षेत्र कमकुवत होत जातं तसा आणखी अरुंद व्हायला हवा, प्रत्यक्षात तो बाहेर जाताना पसरतो, त्याचा वाटा घटतो आणि सगळ्या दिशांना पांगलेल्या हेलोचा वाढतो, म्हणजे कुणीतरी त्याला विखुरतंय हे नक्की. बहुतेक जण व्हिसलर लहरींचं (प्लाझ्मातल्या एका प्रकारच्या विद्युतचुंबकीय लहरींचं) नाव घेतात, मलाही पटतं. पण सूर्याच्या अगदी जवळ जाणाऱ्या पार्कर सोलर प्रोब यानाला साधारण २८ सौर त्रिज्यांच्या आत व्हिसलर जवळपास दिसलेच नाहीत, मग तिथे फ्लक्स आवरतं कोण? नुसत्या टकरा, की इलेक्ट्रॉनना मागे ओढणारं विद्युतक्षेत्र?

माझं मॉडेल १० सौर त्रिज्यांपासून पृथ्वीपर्यंत जातं. आत स्पिट्झर-हार्म आणि बाहेर ३० टक्क्यांची मर्यादा असं जोडलं तर चालेल का, आणि सांधा कुठे घ्यायचा? आदित्य-एल१ वरच्या पापा (PAPA, सौर वाऱ्यातले कण मोजणाऱ्या) उपकरणाचा इलेक्ट्रॉनचा डेटा कुणी वापरला असेल तर तेही सांगा, पृथ्वीजवळच्या टोकाला त्याच्याशी पडताळून बघायचं मनात आहे.