शब्दचर्चा : शहीद, हुतात्मा की बळी?

प्रश्न : बर्लिनच्या भिंतीवरचा लेख मराठीत लिहिते आहे. त्यात एगोन शुल्ट्झ येतो. पूर्व जर्मनीच्या सीमादलातला २१ वर्षांचा तरुण, पेशाने शिक्षक. ५ ऑक्टोबर १९६४ ला मध्यरात्रीनंतर श्ट्रेलित्झर रस्त्यावरच्या एका घराच्या अंगणात गोळ्या लागून गेला. तिथूनच १४५ मीटर लांबीच्या भुयारातून ५७ जण पश्चिमेला निसटले होते. 'शहीद झाला' लिहावे की 'हुतात्मा झाला'?

प्रतिसाद : शहीद हा मूळ अरबी शब्द. आपली वर्तमानपत्रे सीमेवर पडलेल्या जवानासाठी तो सर्रास वापरतात. मराठीत हुतात्मा जास्त शोभतो.

प्रतिसाद : मला दोन्ही पटत नाहीत. हुत म्हणजे होमात अर्पण केलेले. हुतात्मा म्हटले की त्या माणसाने एका ध्येयासाठी स्वतःला अर्पण केले, असे आपण मान्य करतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांना आपण हा शब्द देतो तो याच अर्थाने. शुल्ट्झला पूर्व जर्मन सरकारने नेमके असेच वीर ठरवले. पश्चिमेच्या हस्तकांनी त्याचा खून केला असे जाहीर केले, शाळांना त्याचे नाव दिले. तो रस्ताही १९६६ पासून १९९१ पर्यंत त्याच्याच नावाचा होता. प्रत्यक्षात भुयारवाल्यांपैकी क्रिस्टियान झोबेलची गोळी त्याला लागली आणि तो खाली पडला, पण जीव घेतला तो अंधारात गोळीबार करणाऱ्या सोबत्याच्या बंदुकीने. स्टासीला, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांना, हे ठाऊक होते. त्यांनी दडवून ठेवले. सत्य बाहेर येण्याआधीच झोबेल वारला. आपल्याच हातून माणूस मेला, असे समजत तो जगला. हुतात्मा लिहिले तर हा सगळा बनाव आपणही उचलून धरतो.

प्रतिसाद : 'धारातीर्थी पडला' तर मुळीच नको. समोर शत्रू आणि हातघाईची लढाई असेल तिथे तो शोभतो.

प्रश्नकर्ती : मग 'बळी'? भिंतीपाशी गेलेल्यांच्या अभ्यासकांनी केलेल्या यादीत किमान १४० नावे आहेत, त्यांत ८ सीमारक्षक. बाकी बहुतेक पळून जाऊ पाहणारे. दोघांनाही एकच शब्द चालेल?

प्रतिसाद : शब्द चालेल, क्रियापद जपून घ्या. 'बळी गेला' म्हटले की मारणारा अध्याहृत राहतो. 'बळी घेतला' म्हटले की कुणावर तरी बोट रोखले जाते. 'बळी दिला' यात देणारे आपलेच असतात. पळणाऱ्यांचा भिंतीवरच्या पहाऱ्याने बळी घेतला, हे सरळ आहे. शुल्ट्झच्या बाबतीत 'बळी गेला' खरे आहे, पण अपुरे. गोळी कुणाची ते सांगायलाच हवे, कारण तेच २५ वर्षांहून अधिक काळ लपवले गेले. 'मारला गेला' यातही तीच उणीव. 'खून' किंवा 'हत्या' नको, त्यात हेतू येतो.

प्रश्नकर्ती : पटले. वाक्य असे करते : 'सोबत्याच्या बंदुकीची गोळी लागून एगोन शुल्ट्झ ठार झाला, सरकारने मात्र त्याला पश्चिमेच्या हस्तकांनी मारल्याचे सांगितले.' शिपाई की सीमारक्षक?

प्रतिसाद : सीमारक्षक. शिपाई म्हटले की आज कचेरीतला शिपाई आधी डोळ्यांसमोर येतो.