अविश्वास कोणाचा आणि कोणावर? ब्रेक्झिटच्या बातम्यांतले मराठी शब्द

शाईपेन

१२ डिसेंबर २०१८ : थेरेसा मे यांच्यावरील अविश्वास ठराव २०० विरुद्ध ११७ मतांनी फेटाळला.
१६ जानेवारी २०१९ : थेरेसा मे यांच्यावरील अविश्वास ठराव ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी फेटाळला.

या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या तर मराठी वाचकाला काय कळेल? पाच आठवड्यांत तोच ठराव दोनदा आला आणि मधल्या काळात मते देणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली, असेच वाटेल. प्रत्यक्षात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध फार थोडा.

मे तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या आणि हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या नेत्याही. डिसेंबरचे मतदान या पक्षाच्या खासदारांपुरते होते. पक्षाच्या एकूण खासदारांपैकी १५ टक्क्यांनी, म्हणजे तेव्हा ४८ जणांनी, नेत्यावर विश्वास नसल्याची पत्रे '१९२२ समिती' या पक्षाच्या खासदार-मंडळाच्या अध्यक्षांकडे दिली की असे मतदान घ्यावे लागे. पत्रे गुप्त. किती आली हे तेव्हाचे अध्यक्ष ग्रॅहम ब्रॅडी यांनाच ठाऊक. मे हरल्या असत्या तर त्यांचे पक्षनेतेपद गेले असते आणि नवा नेता आल्यावर पंतप्रधानपदही. सरकार मात्र हुजूर पक्षाचेच राहिले असते. त्या जिंकल्या, म्हणून नियमाप्रमाणे वर्षभर त्यांच्याविरुद्ध पुन्हा असे मतदान घेता येणार नव्हते.

जानेवारीचा ठराव विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी सबंध हाउस ऑफ कॉमन्सपुढे आणला होता. आदल्या दिवशी मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, ४३२ विरुद्ध २०२ असा कोसळला होता. हा ठराव मंजूर झाला असता आणि पुढच्या १४ दिवसांत कोणत्याही सरकारला सभागृहाचा विश्वास मिळवता आला नसता, तर २०११च्या कायद्याप्रमाणे थेट निवडणूक लागली असती.

माझे म्हणणे असे की 'अविश्वास ठराव' हा शब्द फक्त सभागृहासाठी राखावा. पक्षातल्या मतदानाला 'नेतृत्वकौल' म्हणावे. तुम्हाला काय वाटते?

गावकुसावरून

फरक तुम्ही नेमका दाखवलात. उपाय मला पटत नाही. 'अविश्वास ठराव' हा शब्द मराठीत फक्त लोकसभा-विधानसभेत राहत नाही. तो ग्रामपंचायतीत राहतो. सरपंचावर अविश्वास, नगराध्यक्षावर अविश्वास, पंचायत समितीच्या सभापतीवर अविश्वास, साखर कारखान्याच्या अध्यक्षावर अविश्वास. खेड्यापाड्यांतल्या माणसाने हा शब्द बातम्यांत वाचण्याआधी गावच्या चावडीवर ऐकलेला असतो, आणि तिथे तो सरकारवर नसतो. एका माणसावर असतो.

आता सरपंचावरचा ठराव आणि मे यांच्यावरचा डिसेंबरचा ठराव ताडून पाहा. पुरेशा सदस्यांनी आधी लेखी मागणी करायची. मग मतदान. ठराव बारगळला तर ठरावीक काळ तो पुन्हा आणता येत नाही. आणि सरपंच गेला तरी ग्रामपंचायत बरखास्त होत नाही, दुसरा सरपंच येतो. हुजूर पक्षात जे घडले ते समजायला मराठी माणसाला याहून जवळचा नमुना मिळायचा नाही. मग तिथून हा शब्द का काढून घ्यायचा?

शाईपेन

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता आणि तो बिनतोड आहे. तरीही वरच्या दोन ओळींतला गोंधळ शिल्लक राहतोच ना? सरपंचाच्या बाबतीत तो होत नाही, कारण गावात ठराव आणणारी पंचायत एकच असते. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, त्या दोन आहेत : पक्षाचे खासदार आणि सगळे सभागृह. एकच व्यक्ती दोन्हींना उत्तरदायी.

गावकुसावरून

मग कर्ता सांगा! 'खासदारांचा नेत्यावर अविश्वास' आणि 'सभागृहाचा सरकारवर अविश्वास'. मराठीला षष्ठी आहे, 'वर' हे शब्दयोगी अव्यय आहे, नवा शब्द घडवायची गरज नाही. 'नेतृत्वकौल' वाचून तर मला वाटेल की पक्षात नवा नेता निवडायची निवडणूक चालू आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मे यांच्यासमोर दुसरा उमेदवार नव्हताच. ठेवायचे की काढायचे, एवढाच प्रश्न होता.

टेम्सकाठी

चर्चेत तिसरा अविश्वासही घ्या, नाहीतर चित्र अर्धे राहील. २८ जून २०१६, ब्रेक्झिटच्या सार्वमताला पाच दिवस झालेले. मजूर (लेबर) पक्षाच्या खासदारांनी आपले नेते कॉर्बिन यांच्यावर अविश्वास दाखवला, १७२ विरुद्ध ४० मतांनी. मत देणाऱ्यांपैकी चार-पंचमांश खासदार विरोधात, आणि कॉर्बिन जागचे हलले नाहीत. कारण पक्षाच्या घटनेत या मतदानाला काही अर्थच नव्हता. पुढे नेतेपदाची निवडणूक झाली, पक्षाच्या कार्यकारिणीने निकाल दिला की विद्यमान नेत्याला उमेदवारीसाठी खासदारांच्या सह्या गोळा कराव्या लागणार नाहीत, आणि सप्टेंबरात पक्षाच्या सदस्य-समर्थकांनी कॉर्बिन यांना जवळपास ६२ टक्के मते देऊन परत निवडून दिले.

म्हणजे शब्द एकच, वजने तीन. सभागृहाच्या अविश्वासामागे कायदा होता. हुजूर खासदारांच्या अविश्वासामागे पक्षाचा नियम. मजूर खासदारांच्या अविश्वासामागे काहीच नाही, फक्त दबाव. या तिसऱ्याला मी 'नापसंतीचा ठराव' म्हणेन. नापसंती म्हटल्यावर कोणी खुर्ची सोडेल अशी अपेक्षा वाचक धरत नाही.

जुनं दप्तर

तुम्ही सगळे 'हुजूर' आणि 'मजूर' सहज लिहून पुढे गेलात. या जोडीवर जरा थांबावेसे वाटते, कारण मराठी पत्रकारितेने केलेली ही सर्वांत देखणी नावे आहेत असे माझे मत आहे. दोन्ही परभाषांतून आलेले शब्द, एक अरबी, एक फारसी, दोन्ही मराठीत पूर्ण मुरलेले, आणि यमक इतके पक्के की एकदा वाचले की विसरत नाही.

'हुजूर' म्हणजे मुळात सान्निध्य, हजेरी. त्यावरून धन्याचे सान्निध्य आणि मग प्रत्यक्ष धनी. पेशवाईत हुजूर दप्तर होते, हुजुरात म्हणजे धन्याच्या खास तैनातीतली फौज होती, आणि पुण्यात हुजूरपागेचे नाव अजून रोजच्या तोंडात आहे. तेव्हा 'हुजूर पक्ष' हे 'कॉन्झर्व्हेटिव्ह'चे भाषांतर नव्हेच. ते भाषांतर करायचे तर 'पुराणमतवादी' किंवा 'रूढीवादी' होईल. 'हुजूर' हे जास्त जुळते ते 'टोरी' या जुन्या नावाशी. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाच्या भावाचा वारसाहक्क राखावा म्हणणारे ते टोरी. मूळ आयरिश शब्दाचा अर्थ लुटारू, रानोमाळ फिरणारा फरारी असा, आणि विरोधकांनी तो शिवी म्हणून चिकटवला. मराठीने शिवी घेतली नाही, राजनिष्ठा घेतली.

पण या नावाने एक दिशाभूल होते. 'हुजूर' म्हटले की मागोमाग 'जी हुजूर' आठवते आणि वाटते की हा नेत्यापुढे मान तुकवणाऱ्यांचा पक्ष असणार. वस्तुस्थिती उलटी आहे. १९९० मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना पक्षनेतेपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत २०४ विरुद्ध १५२ मते मिळाली, पण लागणाऱ्या आघाडीला चार मते कमी पडली, आणि तीन निवडणुका जिंकून देणारी नेता पायउतार झाली. मे यांना डिसेंबरात अभय मिळाले तरी २४ मे २०१९ ला राजीनामा जाहीर करावाच लागला. नेता बदलण्याची हत्यारे ज्या पक्षाच्या खासदारांच्या हातात आहेत तो हुजूर पक्ष. ज्यांच्या हातात ती नाहीत तो मजूर पक्ष, हे टेम्सकाठी यांच्या उदाहरणात दिसलेच.

जाता जाता : '१९२२ समिती' ही समिती नाही. मंत्रिपदावर नसलेल्या सगळ्या हुजूर खासदारांचे ते मंडळ आहे. स्थापना १९२३ची. १९२२च्या निवडणुकीत नव्याने आलेल्या खासदारांनी ती केली, म्हणून ते नाव. आणि त्यांना 'मागच्या बाकावरचे खासदार' लिहू नये. मराठीत मागचा बाक म्हणजे उनाड पोरांची जागा. इथे पंतप्रधानाचे भवितव्य त्याच बाकावर ठरते.

नवशिका

व्हिपचा प्रश्न विचारू का? मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांच्याविषयी 'जॉन्सन यांनी २१ खासदारांचा व्हिप मागे घेतला' असे वाक्य वाचले. मला वाटले त्यांना हवे तसे मत द्यायची मोकळीक दिली. मग कळले की त्यांना बाहेर काढले.

टेम्सकाठी

तुमची चूक नाही, वाक्यच तसे आहे. इंग्रजीत त्या शब्दाला तीन अर्थ आहेत. एक, तो माणूस. त्याला आपल्याकडे 'प्रतोद' हा सुरेख संस्कृत शब्द आहे. प्रतोद म्हणजे चाबूक, पराणी. महाभारतात भीष्मांवर धावून जाणाऱ्या श्रीकृष्णाच्या हातात तोच आहे. दोन, ते लेखी फर्मान. त्याला 'पक्षादेश'. तिथे मजकुराखाली जितक्या रेघा तितका आदेश कडक, तीन रेघा म्हणजे हजर राहून पक्षाप्रमाणे मत द्यायलाच हवे. आणि तीन, संसदीय पक्षातले स्थान. हा तिसरा अर्थ मराठीत पोचलेलाच नाही. म्हणून 'व्हिप मागे घेतला' म्हणजे आपल्याला आदेश मागे घेतल्यासारखे वाटते, नेमके उलटे.

३ सप्टेंबर २०१९ ला सभागृहाचे कामकाज सरकारच्या हातून काढून घेणारा ठराव ३२८ विरुद्ध ३०१ असा मंजूर झाला. त्यात सरकारविरुद्ध गेलेल्या २१ जणांत माजी अर्थमंत्री फिलिप हॅमंड आणि केनेथ क्लार्क होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. त्यांना 'संसदीय पक्षातून काढले' असे लिहावे. 'हकालपट्टी' फार होते, कारण ऑक्टोबरअखेरीस त्यांच्यातल्या दहा जणांना परत घेतले. शिवाय त्यांची खासदारकी गेली नाही. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आहे, तिथे तसे काही नाही. त्याच ३ सप्टेंबरला जॉन्सन बोलत असताना हुजूर खासदार फिलिप ली सभागृह ओलांडून लिबरल डेमोक्रॅट बाकांवर जाऊन बसले आणि खासदार राहिले.

गावकुसावरून

प्रतोद शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला तो २०२२ च्या शिवसेनेतल्या फुटीमुळे. खरा प्रतोद कोण, नेमायचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा की राजकीय पक्षाचा, यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये राजकीय पक्षाचा, असे सांगितले. म्हणून मराठी वाचकाच्या मनात प्रतोद म्हणजे आमदारकी घालवू शकणारा माणूस. लंडनच्या बातमीत हा शब्द वापरताना ते ओझे सोबत येते हे लक्षात ठेवावे.

'बंडखोर'चेही तसेच. आपल्याकडे तिकीट नाकारले म्हणून अपक्ष अर्ज भरणारा तो बंडखोर. तिकडे १५ जानेवारी २०१९ ला ११८ हुजूर खासदारांनी स्वतःच्या पंतप्रधानांच्या कराराविरुद्ध मत दिले, आणि दुसऱ्या दिवशीच्या अविश्वास ठरावावर त्याच पंतप्रधानांच्या बाजूने उभे राहिले. इथे 'बंडखोर' लिहायचे तर कशाविरुद्ध बंड, तेही लिहावे.

शाईपेन

याच कराराच्या मतदानाला 'अर्थपूर्ण मतदान' म्हटलेले दिसते. तो शब्द शक्य तितक्या लवकर सोडावा. मराठी राजकीय बातमीत 'अर्थपूर्ण वाटाघाटी' म्हणजे पैशांची देवघेव, हे प्रत्येक वाचकाला माहीत आहे. इथे मुद्दा एवढाच होता की २०१८च्या माघार कायद्याप्रमाणे संसदेने मान्यता दिल्याशिवाय करार लागू होणार नव्हता. 'मान्यतेचे मतदान' पुरे.

दुसरे, 'काळजीवाहू पंतप्रधान'. मे यांनी ७ जूनला पक्षनेतेपद सोडले आणि २४ जुलैपर्यंत पंतप्रधान राहिल्या. मधल्या दिवसांत त्यांना काळजीवाहू म्हणणे बरोबर का?

टेम्सकाठी

माझ्या मते नाही. राणीकडे पंतप्रधानपदाचा राजीनामा त्यांनी २४ जुलैलाच दिला. तोवर अधिकार पूर्ण, फक्त राजकीय ताकद गेलेली. 'मावळत्या पंतप्रधान' म्हणा. आणि २०१६ मध्ये त्या आल्या तेव्हाच्या बातमीत 'राज्याभिषेक' आला असेल तर तोही नको, आपल्यासाठी तो शब्द रायगडावरचा आहे. प्रतिस्पर्धी उमेदवार अँड्रिया लेडसम यांनी माघार घेतल्यावर मे 'बिनविरोध' निवडून आल्या. हा शब्द आपल्याकडे तयारच आहे.

जुनं दप्तर

'तहकूब', 'संस्थगित', 'विसर्जित' यांची सरमिसळ ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ मध्ये फार झाली, तीही नोंदवतो. बैठक थांबून पुन्हा भरते तेव्हा तहकूब. अधिवेशनच संपवले तर संस्थगित. निवडणुकीसाठी सभागृहच संपले तर विसर्जित. जॉन्सन यांनी राणीला दिलेला सल्ला मधल्याचा होता, पाच आठवड्यांसाठी. २४ सप्टेंबरला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने तो बेकायदा ठरवला. त्या बातमीला 'संसद बरखास्तीचा निर्णय रद्द' असा मथळा दिला तर निवडणूक टळली असा समज होतो.

गावकुसावरून

शेवटचा एक शब्द राहिला. जून २०१७ मध्ये हुजूर पक्षाला ३१७ जागा, बहुमत नाही, त्रिशंकू संसद. मग उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या दहा खासदारांशी जो करार झाला त्याचे 'विश्वास आणि पुरवठा' असे शब्दशः मराठी कोणालाच कळत नाही. पुरवठा म्हणजे इथे सरकारला खर्चासाठी संसदेने दिलेला पैसा, आपल्या 'पुरवणी मागण्यां'च्या कुळातला. 'बाहेरून पाठिंबा' हा घरचा शब्द जवळचा आहे, फक्त 'लेखी कराराने' हे सोबत जोडावे. त्यात ब्रेक्झिटविषयक कायद्यांचाही उल्लेख होता, तरी या दहा जणांनी मे यांच्या कराराविरुद्ध तिन्ही वेळा मत दिले. आणि १६ जानेवारीला सरकार १९ मतांनी तरले तेव्हा त्या बाजूला हेच दहा होते. ते पलीकडे गेले असते तर ३१५ विरुद्ध ३१६.