खेळण्यातल्या मोटारी जमवणाऱ्यांचे मंडळ मुलांसह कसे चालवावे?

एक पालक, नाशिक
नमस्कार. आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांनी मिळून डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या मोटारी जमवणाऱ्यांचे छोटे मंडळ सुरू करायचे ठरवले आहे. महिन्यातून एकदा सोसायटीच्या सभागृहात भेटावे, मुलांनी ट्रॅकवर गाड्या पळवाव्यात आणि मोठ्यांनी आपापला संग्रह दाखवावा, एवढीच कल्पना आहे. मात्र यापूर्वी एका मेळाव्याला आम्ही गेलो होतो, तेव्हा सुरुवातीलाच खरेदी-विक्रीला तोंड फुटले आणि मुले कडेला बसून राहिली. शिवाय माझ्या आठ वर्षांच्या मुलीची हॉट व्हील्स एका प्रौढ संग्राहकाने साध्या गाडीच्या बदल्यात घेतली आणि ती ट्रेझर हंट, म्हणजे संग्राहक शोधत असलेल्या दुर्मीळ मालिकेतली होती, हे आम्हाला घरी आल्यावर समजले. हे टाळण्यासाठी कोणते नियम करावेत?

संग्राहक, ठाणे
सर्वप्रथम अदलाबदलीचा नियम लेखी करा. मुलाशी कोणत्याही प्रौढाने पालकांच्या उपस्थितीतच व्यवहार करावा आणि पुढच्या भेटीपर्यंत तो मोडण्याची मुभा मुलाला असावी. ज्याला ही अट जाचक वाटते, त्याला मंडळात न घेतलेलेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे म्हणजे, मुलांनाच पारख शिकवा. ट्रेझर हंट ही मालिका १९९५ मध्ये बारा गाड्यांनी सुरू झाली. हल्लीच्या साध्या ट्रेझर हंटवर वर्तुळातील ज्वालेचे चिन्ह असते, तर सुपर ट्रेझर हंटवर ‘टीएच’ ही अक्षरे, रबरी टायर आणि धातूसारखा चमकणारा स्पेक्ट्राफ्लेम रंग असतो. चाके बदलून केलेल्या बनावट गाड्याही फिरतात, म्हणून पाकिटाबाहेरच्या सुट्या गाडीचा तळ उलटून तो जोडणारे रिव्हेट (खिळे) ड्रिलने पोखरलेले आहेत का, हे पाहण्याची सवय लावावी. खरेदी-विक्री हवीच असेल, तर ती मुलांचा खेळ आटोपल्यावर, शेवटच्या अर्ध्या तासात ठेवा.

जुन्या गाड्यांचा संग्राहक, पुणे
वरील सूचनांशी मी सहमत आहे. जुन्या गाड्यांचे टेबल मात्र वेगळे असावे. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी या ब्रिटिश गाड्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिल्यामुळे त्या आतून तडकतात, त्यामुळे त्या हाताळायला देऊ नयेत. तीन वर्षांखालील भावंडे सोबत येणारच, तेव्हा सुटी चाके आणि टायर जमिनीवर राहू देऊ नका. नवी गाडी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे.

दर भेटीत एका गाडीची हकिकत सांगा, मुले मन लावून ऐकतात. लेस्नी या ब्रिटिश कंपनीच्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येत असे, म्हणून त्यांनी तिला चिमुकला रोडरोलर करून दिला आणि त्यातूनच १९५३ मध्ये मॅचबॉक्स मालिका आली. आपल्याकडे डिंकीच्या जुन्या साच्यांतून कोलकात्यात निघालेल्या निकी टॉइज आणि पुढे लिओ मॅटेलच्या भारतीय हॉट व्हील्स, यांची ओळख तर मुलांना व्हायलाच हवी. त्यांच्या आजोबांच्या कपाटात यांपैकी एखादी निघू शकते.

एक आई, कोल्हापूर
शर्यतीबद्दल एक सूचना करते. उतारावरच्या ट्रॅकच्या दोन मार्गिका क्वचितच अगदी सारख्या असतात, म्हणून प्रत्येक जोडीला मार्गिका बदलून दोनदा पळवावे. वजन वाढवलेल्या किंवा आसाला वंगण लावलेल्या गाड्यांचा गट निराळा ठेवावा, कारण पाकिटातून नुकतीच काढलेली गाडी घेऊन आलेले मूल त्यांच्यापुढे टिकत नाही. आमच्याकडे हरलेले मूल बाहेर पडत नाही. सगळ्या फेऱ्या सगळेच खेळतात आणि गुण मांडण्याचे काम मोठी मुले करतात.

एक पालक, नाशिक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. अदलाबदलीचा नियम सदस्यत्वाच्या अर्जावरच छापून त्यावर प्रौढ सदस्यांची सही घेऊ. पहिल्या भेटीत खरेदी-विक्री पूर्णपणे बंद ठेवावी, असे आता आम्हाला वाटते.