पिल्लाला पुन्हा मूत्रसंसर्ग : शेजाऱ्यांकडची उरलेली गोळी द्यावी का?

गोदाकाठ :
नमस्कार. आमच्याकडे साडेतीन महिन्यांचे लॅब्राडोरचे मादी पिल्लू आहे. मागील महिन्यात चिंगी दर दहा-पंधरा मिनिटांनी बसून थेंब थेंब लघवी करू लागली आणि एकदा लघवीत लाली दिसली, तेव्हा डॉक्टरांनी मूत्रसंसर्गाचे निदान करून पाच दिवस अमॉक्सिसिलिन दिले. गुण आला, पण औषध संपून दहा दिवस होतात न होतात तोच पुन्हा तेच सुरू झाले. सासूबाईंच्या मते तिला उन्हाळी लागली आहे, म्हणून धने-जिऱ्याचे पाणी द्यावे. शेजाऱ्यांकडे त्यांच्या मोठ्या कुत्र्याच्या एन्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या उरल्या आहेत आणि अर्धी देऊन पाहा, असा त्यांचा आग्रह आहे. डॉक्टरांची वेळ परवाची आहे. तोवर काय करावे?

पशुवैद्य_सातारा :
ती गोळी कृपया देऊ नका. एन्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या गटातील औषधांमुळे वाढत्या वयातील कुत्र्यांच्या सांध्यांमधील कूर्चेला इजा होऊ शकते, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांत हा धोका अधिक काळ राहतो. शिवाय आज अर्धी गोळी दिलीत, तर परवा घेतल्या जाणाऱ्या लघवीच्या नमुन्यात जिवाणू कदाचित वाढणार नाहीत आणि तपासणी वाया जाईल. माणसांसाठीचे आयबुप्रोफेनही देऊ नये; त्याने कुत्र्यांच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा होते.

पहिल्या वेळी नुसत्या लक्षणांवरून औषध देणे समजण्यासारखे आहे. दुसऱ्या वेळी मात्र लघवीचे कल्चर (नमुन्यातील जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्यावे, असा आग्रह धरा. सोनोग्राफीत पाहत सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला नमुना सर्वांत विश्वसनीय असतो. अहवालाला साधारणपणे दोन-तीन दिवस लागतात आणि कोणते औषध लागू पडेल हे त्यातून कळते. धने-जिऱ्याच्या पाण्याने संसर्ग जाणार नाही. साधे पाणी भरपूर ठेवा. घरात लघवी होते म्हणून रात्री भांडे उचलून ठेवण्याची चूक अनेक जण करतात, ती टाळा.

ती जोर करत असूनही लघवी अजिबात होत नसेल, किंवा उलट्या, ताप वा सुस्ती दिसली, तर परवापर्यंत थांबू नका.

एक प्रश्न : चिंगी गाढ झोपेत असताना तिचे अंथरूण ओले होते का?

अंगणातला_शेरू :
नमुना घरूनच आणायला सांगितले, तर आमच्या अनुभवाचा उपयोग होईल. मादी पिल्लू लघवीला इतके खाली बसते की वाटी सरकवायला जागाच राहत नाही. आम्ही लांब दांड्याची आमटीची पळी उकळत्या पाण्याने धुऊन वापरली (ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही, हे सांगायला नको). नमुना लगेच पोचवता येत नसेल, तर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावा. आणि तिला रागावू नका. आम्ही आठवडाभर शेरूला हट्टी समजत होतो, आणि तो बिचारा दुखण्याने हैराण झाला होता.

गोदाकाठ :
गोळी दिली नाही. अंथरुणाच्या प्रश्नाने मात्र डोळे उघडले : तिची गोधडी रोज सकाळी ओली असते आणि आम्ही ते पाण्याच्या भांड्याचे शिंतोडे समजत होतो.

पशुवैद्य_सातारा :
मग डॉक्टरांना हे सर्वांत आधी सांगा. काही पिल्लांमध्ये जन्मतःच मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी) मूत्राशयाऐवजी त्याच्या पुढे मूत्रमार्गात उघडते, त्यामुळे लघवी सतत झिरपत राहते आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. हा दोष माद्यांत अधिक आढळतो आणि लॅब्राडोरमध्ये दुर्मीळ नाही. सोनोग्राफीत तो प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही.

गोदाकाठ :
कल्चरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू निघाला आणि त्यानुसार औषध सुरू झाले आहे. थेंब थेंब लघवी तिसऱ्या दिवशी थांबली, गोधडी मात्र अजून ओलीच होते. सोनोग्राफीत डावी मूत्रवाहिनी किंचित फुगलेली दिसल्याने डॉक्टरांनी सीटी स्कॅन सुचवले आहे. या दोषाची शस्त्रक्रिया झालेले कुत्रे येथे कोणाकडे असल्यास, त्यानंतर झिरपणे पूर्ण थांबले की औषध चालू ठेवावे लागले, हे कृपया कळवावे.