अमिनो अ‍ॅसिडचं पॉलिमर म्हणजे लगेच ‘नॅचरल’ कसं?

फ्लास्कवाला: परवा एका पॉलिमरच्या (छोट्या रेणूंची लांब साखळी) पोस्टरवर वाचलं, ‘अमिनो अ‍ॅसिडपासून बनवलंय म्हणून शरीराला सेफ’. म्हणून?? चार वर्षं लॅबमध्ये हेच केलंय मी. लायसिन हे अमिनो अ‍ॅसिड घ्यायचं, त्याची बाजूची अमाइन (नायट्रोजनवाला गट) झाकून ठेवायची आणि ट्रायफॉस्जीन घालून एनसीए करायचं, म्हणजे लॉइक्स या केमिस्टने १९०६ मध्ये केलं तेच रिंगवालं संयुग, ज्याच्या रिंगा उघडून साखळी जोडतात. ट्रायफॉस्जीन दिसतं साधी पांढरी पावडर, पण त्यातून निघतो फॉस्जीन, पहिल्या महायुद्धातला विषारी वायू, भोपाळच्या कारखान्यात एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट, तिथे गळलेला वायू) करायला वापरायचे तोच. आणि एवढं करून हातात येतं पॉलिलायसिन, म्हणजे लायसिनची साखळी, ज्याच्यावर इतका पॉझिटिव्ह चार्ज की पेशीचं आवरणच फाडतं. नॅचरल म्हणे.

पाषाणकर: चुलीला धूर झाला म्हणून भाकरी विषारी होते का रे? शेवटी काय उरतं ते बघ ना. कोपॅक्सोन हे औषध घे, ग्लुटामिक, अ‍ॅलनिन, लायसिन, टायरोसिन, चारच अमिनो अ‍ॅसिडं, तुझ्या त्याच एनसीएच्या वाटेने जोडलेली, क्रमसुद्धा ठरलेला नाही, तरी १९९६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) पेशंटना टोचतात. आणि तुझं ते पेशीफाड्या पॉलिलायसिन पेशी वाढवायच्या प्लेटला लावल्याशिवाय न्यूरॉन्स (मज्जापेशी) धड चिकटत नाहीत, ते विसरलास वाटतं.

फ्लास्कवाला: प्लेटला चिकटलेलं वेगळं आणि रक्तात मोकळं फिरणारं वेगळं, माझा मुद्दाच तो आहे. कोपॅक्सोन सेफ ठरलं ते ट्रायल्स केल्या म्हणून, कच्चा माल अमिनो अ‍ॅसिड होता म्हणून नाही.

नातोप्रेमी: पण फॉस्जीन हवाच कशाला? स्ट्रेप्टोमायसिस अल्ब्युलस नावाचा जीवाणू लायसिनची २५-३५ मण्यांची माळ स्वतःच करतो, फक्त बाजूच्या अमाइनने जोडलेली, जपानमध्ये ती खाण्यात प्रिझर्वेटिव्ह म्हणून घालतात. नातोच्या (आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी पदार्थ) चिकट तारा पण ग्लुटामिक अ‍ॅसिडचंच पॉलिमर. पाणी, साखर, फर्मेंटर (जीवाणू वाढवायची टाकी), बास.

पाषाणकर: त्या जीवाणूला सांग बघू, आधी ५० लायसिन मग ५० ल्युसिन (दुसरं अमिनो अ‍ॅसिड) जोड म्हणून. तो त्याला हवं तेच करणार. डेमिंग या केमिस्टने १९९७ मध्ये निकेलच्या इनिशिएटरने (साखळी सुरू करून देणारं संयुग) एनसीएपासून होणाऱ्या साखळीची लांबी हातात आणली, असे ब्लॉक करता यायला लागले, म्हणून तर त्यांच्यापासून जेल बनतात, औषध पोटात घेऊन फिरणारे कण बनतात.

फ्लास्कवाला: हातात आणली हे पुण्यात जुलैमध्ये म्हणून दाखव 😅 आमच्याकडे ग्लोव्हबॉक्स (कोरड्या हवेची बंद पेटी) बंद पडलेला, टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये कुठून तरी ओलावा शिरला, आणि एनसीएला पाणी लागलं की पाणीच रिंग फोडून नको तिथे साखळ्या सुरू करतं. तीन बॅचेस गेल्या. वर गाइड विचारतात, ‘नीट वाळवलं होतंस का?’

नातोप्रेमी: माझ्या फर्मेंटरला पाऊस चालतो, एवढंच सांगते. फेस मात्र छतापर्यंत येतो आणि नंतर ते गाळायचं काम कोणी अंगावर घेत नाही.

पाषाणकर: बघ, म्हणजे सुखी तूही नाहीस.

फ्लास्कवाला: बरं, मग पोस्टरवरचं ते ‘म्हणून’ तरी काढा आणि त्या जागी पेशी किती जगल्या त्याचा ग्राफ लावा.