कॉम्प्युटरवर घातलेला पैसा नेमका कुठून परत आला? (अनुभव धागा)

तळटीप
आमच्याकडे नवी सिस्टीम घ्यायचं घाटतंय. विक्रेत्यांची शेवटची स्लाइड ठरलेली असते : अमुक महिन्यांत पैसे वसूल. ती वसुली ताळेबंदाच्या कुठल्या ओळीत दिसणार, असं विचारलं की गाडी 'पारदर्शकता' आणि 'रिअल टाइम'वर घसरते. १९८७ मध्ये, ज्या वर्षी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्याच वर्षी, रॉबर्ट सोलो यांनी चिमटा काढला होता की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढं दिसत नाही. अमेरिकेत ते आकडे हलायला नव्वदीचा उत्तरार्ध उजाडला. मधल्या काळात लोक काय करत होते, मला त्यात रस आहे.

तर तुमच्याकडे पैसा घातला तो कशातून सुटला? की सुटलाच नाही? संस्थेचं नाव नको, कामाचा तपशील हवा. 'डिजिटल क्रांती' हा शब्द वापरणाऱ्याला चहा पाजावा लागेल.

लेजरकीपर
राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. आमच्याकडे कॉम्प्युटर टप्प्याटप्प्यानं आला. आधी युनियनशी करार, १९८४ चा रंगराजन समितीचा अहवाल, मग शाखेत एएलपीएम, म्हणजे लेजर पोस्टिंगचं मशीन. जून-डिसेंबरचं व्याज लावायला आम्ही रात्री उशिरापर्यंत थांबायचो, ते बंद झालं. बॅलन्सिंग पटकन जुळायला लागलं. पण शाखा तीच, माणसं तीच, पितळी टोकन घेऊन बाकावर बसलेला ग्राहकही तोच. खातेदाराला दुसऱ्या गावच्या शाखेत कोणी ओळखत नव्हतं. पैसे पाठवायचे तर ड्राफ्ट काढा. ड्राफ्ट एका शाखेनं काढायचा, दुसरीनं वटवायचा आणि त्या नोंदींची जुळणी वर्षानुवर्षं लोंबकळत राहायची. मशीनं आली तरी हा सगळा गुंता जिथल्या तिथे.

खरा फरक सीबीएसनं, म्हणजे सगळ्या शाखा एकाच सिस्टीमला जोडणाऱ्या कोअर बँकिंगनं पडला, कारण खातं शाखेचं न राहता बँकेचं झालं. पण क्रम बघा. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास माणसं गेली आणि बहुतेक शाखांत सीबीएस पोचलं त्यानंतर. मधली वर्षं कशी गेली ते तेव्हा काउंटरवर बसलेल्यांना विचारा.

मायग्रेशनची, म्हणजे जुन्या नोंदी नव्या सिस्टीमवर नेण्याची एक गंमत. जुन्या फॉर्मवर जन्मतारीख नसायची आणि नवी सिस्टीम तिच्याशिवाय पुढे सरकेना. मग आमच्या शाखेत एक जानेवारीला जन्मलेल्या खातेदारांचं अमाप पीक आलं. पुढे ज्येष्ठ नागरिकांना ठेवींवर जादा व्याज द्यायची वेळ आली तेव्हा त्या तारखांनी जो गोंधळ घातला, तो निस्तरायला माणसं लागली. ती कुठल्याच प्रकल्पखर्चात धरलेली नव्हती.

आणि फायदा कोणाला, हाही प्रश्न आहेच. पूर्वी बचत खात्यावर व्याज मिळायचं ते दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकीवर. हातानं काढायचं तर दुसरा उपायही नव्हता. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर मिळू लागलं. म्हणजे कॉम्प्युटरवर पैसे घातले बँकेनं आणि जास्तीचं व्याज गेलं खातेदाराच्या खिशात. माझी तक्रार नाही, मीही खातेदारच आहे.

साडेतीन-साडेआठ
गावच्या दूध संस्थेचं काम बघतो. आयडी गाईच्या दुधावरनं घेतलाय, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ).

पूर्वी फॅट काढायचं म्हणजे गर्बरची पद्धत. ब्युटिरोमीटर, सल्फ्युरिक ॲसिड, अमाईल अल्कोहोल आणि हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज. रोज प्रत्येकाचं कोण काढणार? मग अंदाजपंचे आकडे पडायचे. सभासद नाराज नको म्हणून अर्धा पॉइंट इकडं-तिकडं. ही मेहेरबानी फुकट नसते. गावात आम्ही जेवढ्या फॅटचे पैसे द्यायचो तेवढी फॅट आमचं दूध घेणाऱ्या संघाच्या तपासणीत भरायची नाही. तूट संस्थेच्या बोकांडी.

आता काटा, ॲनालायझर, कॉम्प्युटर एका ओळीत. कॅन ओतला की पावती हातात. लोक म्हणतात वेळ वाचला. वेळ सोडा हो, सकाळची रांग आहे तेवढीच आहे. पैसा सुटला तो तुटीतनं. पाणी घातलं तर एसएनएफ पडतं आणि तिथल्या तिथं दर पडतो, त्यामुळं मला कुणाला काही बोलायला लागत नाही. भांडणं होत्यात, पण जागेवर होत्यात. "परवा साडेसात होतं, आज सहा कसं?" म्हणला, की त्याच्यासमोर परत नमुना लावायचा. पूर्वी हेच भांडण बिलाच्या दिवशी निघायचं, तवर दूध कुठल्या कुठं गेलेलं.

एक सांगतो, विकणारा हे सांगत नाही. ॲनालायझर रोज धुवायला लागतो आणि अधनंमधनं त्यातनं क्लीनिंगचं औषध फिरवायला लागतं. कंटाळा केला की आतनं साय धरते आणि रीडिंग भरकटतं. आमच्याकडं धुणाऱ्या पोराला वेगळा भत्ता आहे. चेअरमननी कुरकुर केली होती, मी तुटीचा कागद पुढं ठेवला.

तळटीप
वा, 'तुटीचा कागद'! मला असंच काहीतरी हवं होतं.

बॅच_एक्स्पायरी
औषधांचा होलसेलर. आमचं सोपं आहे. कुठली बॅच कधी संपते याची यादी सॉफ्टवेअर आगाऊ काढतं. मुदतीचे नियम पाळले तर कंपनी माल परत घेते, उशीर झाला की हात वर. पूर्वी कपाटं चाळायला माणूस लावायचो, तरी मागच्या रांगेत काहीतरी राहायचंच. त्या एका रिपोर्टवर सॉफ्टवेअरचे पैसे निघाले. बाकीचे ढीगभर रिपोर्ट आमच्याकडे कोणी उघडलेले नाहीत.

भोसरीकर
आमचा कारखाना गाड्यांचे पार्ट बनवतो. ईआरपी, म्हणजे स्टोअर, खरेदी, उत्पादन, हिशेब सगळं एकत्र धरणारी सिस्टीम घेतली, उद्घाटनाला पेढे वाटले आणि पुढचे कित्येक महिने स्क्रीनवर स्टॉक उणे. रॅकमध्ये माल, स्क्रीनवर उणे!

कारण अगदी साधं. माल गेटवर आला की थेट लाइनला जायचा आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, व्हायची संध्याकाळी. म्हणजे सिस्टीमच्या लेखी न आलेला माल वापरला गेला. त्यात बीओएममध्ये, म्हणजे एका पार्टला काय किती लागतं त्या यादीत, स्क्रॅप धरलेला नाही. स्टोअरवाल्यानं स्वतःची एक्सेल सुरू केली, प्रॉडक्शननं वेगळी, परचेसनं तिसरी. सकाळच्या मीटिंगमध्ये एकाच पार्टचे तीन आकडे आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा खरा.

नवीन प्लांट हेड आला, त्यानं सॉफ्टवेअरला हातही लावला नाही. मीटिंगमध्ये ईआरपीचा आकडा सोडून दुसरा चालणार नाही, एवढंच जाहीर केलं. चुकलेला असेल तर ज्याच्या खात्यात चुकला त्यानं कारण सांगायचं. गेटवर जीआरएन करायला एक मुलगा बसवला. एक्सेल बंद करा असं तो कधीच म्हणाला नाही, त्या आपोआप मेल्या.

पण मोठा पैसा वेगळ्याच जागी सापडला. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला माल बाहेर जातो. त्या चलनाला आमच्याकडे जुने लोक अजून 'सत्तावन्न एफ फोर' म्हणतात, एक्साइजचा तो नियम जाऊन जमाना झाला तरी. कुठल्या जॉबवर्करकडे आपले किती ब्रॅकेट पडून आहेत, हे आधी कोणालाच धड माहीत नव्हतं. तिकडे माल पडलेला आणि इकडे आम्ही नवीन स्टील मागवतोय. जीएसटीत तर जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही की तो विकल्यासारखाच धरतात, टॅक्स भरा. चलनं जुळायला लागली तशी स्टीलची खरेदी उतरली, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट कमी उचलली गेली.

तळटीप, तुम्ही ओळ विचारलीत ना? आमच्याकडे ती 'बँकेचे व्याज' या ओळीत दिसली. आयटीच्या बजेटमध्ये शोधत बसला असतात तर जन्मात सापडली नसती.

नेकारकाठ
जर्मनीत श्टुटगार्टच्या जवळ राहतो, ईआरपीच्या प्रकल्पांवरच पोट आहे. इकडचं गाजलेलं प्रकरण म्हणजे लिडल, ते सुपरमार्केटवाले. एसएपी या जर्मन कंपनीच्या ईआरपीवर नवी माल-व्यवस्था उभारायला त्यांनी सुमारे सात वर्षं घालवली आणि २०१८ मध्ये गाशा गुंडाळला. बातम्यांत खर्चाचा आकडा आला तो सुमारे ५० कोटी युरो. एक कारण असं छापून आलं की लिडल मालाचं मूल्य खरेदीच्या किमतीनं धरायचं आणि पॅकेजची मूळ रचना विक्रीच्या किमतीची होती. पद्धत बदलायची नाही म्हणून सॉफ्टवेअर वाकवत गेले.

अशा वेळी आम्ही सल्लागार लगेच म्हणतो, 'तुमची पद्धत बदला.' मला ते इतकं सोपं वाटत नाही. स्वस्तात विकणाऱ्या दुकानाचा जीव खरेदीच्या भावात असतो, तिथं ते आग्रही राहिले यात मला मूर्खपणा दिसत नाही. चुकलं ते हे भांडण आधी न भांडण्यात. आपली कुठली सवय म्हणजे धंदा आहे आणि कुठली नुसतीच सवय, हे करार व्हायच्या आधी ठरायला हवं. भोसरीकरांच्या तीन एक्सेल ही नुसती सवय होती, असं मी धरतो.

भोसरीकर
तीनपैकी दोन नुसती सवय होत्या. परचेसच्या एक्सेलमध्ये कुठला सप्लायर तारीख पाळत नाही त्याचे शेरे होते. ते ईआरपीत कुठेच आले नाहीत आणि ती एक्सेल मेल्याचं परचेसवाले अजून बोलून दाखवतात.

सचिव_विकास
शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या विकास सोसायटीचा सचिव. केंद्रानं २०२२ मध्ये ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, त्यात आमचीही लागली. व्याज सवलतीच्या याद्या पूर्वी हातानं करायचो, एका खातेदाराची तारीख चुकली की सगळा प्रस्ताव माघारी. ते काम आता हलकं झालंय, हे कबूल.

पण सध्या वही पण आणि सॉफ्टवेअर पण. एक साहेब वही मागतात, दुसरे स्क्रीनवरचा आकडा मागतात. काम दुप्पट, पगार तेवढाच. लेजरकीपर साहेब, तुमच्याकडे दोन्ही किती काळ चाललं?

लेजरकीपर
वरून तारीख ठरून येईपर्यंत. तारीख आली, मॅनेजरनं लेजरं बांधून रेकॉर्ड रूमला टाकली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. आठवडाभर शिव्या खाल्ल्या. किल्ली नसती तर आम्ही हळूच जाऊन बघून आलोच असतो. तुमच्याकडे तारीख कोण देणार, ते आधी विचारून घ्या.

सचिव_विकास
चेअरमन म्हणतात बँक देईल, बँक म्हणते सहकार खातं देईल. सोमवारी तालुक्याला जातोय, लेखी मागतो. काय म्हणतात ते इथंच टाकतो.